वाचकांचे प्रश्न : महाभारताची सुरुवात सापांपासून का होते?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. लहानपणी चातुर्मासात आजीच्या तोंडून पांडवप्रताप ऐकला, शाळेच्या पुस्तकांतून भीम-बकासुराच्या गोष्टी वाचल्या, आणि १९८८ साली दूरदर्शनवर मालिका सुरू झाली तेव्हा रविवारची कामे सकाळी लवकर आटोपून घरातल्या सर्वांबरोबर तीही पाहिली. मूळ ग्रंथ मात्र कधी हाती घेतला नव्हता. नोकरीतून निवृत्त झाल्यावर सासऱ्यांच्या कपाटातील जुन्या मराठी भाषांतराचे खंड काढले आणि रोज सकाळी तासभर याप्रमाणे आदिपर्व व सभापर्व वाचून संपवले. खरे सांगायचे तर पहिले काही आठवडे मी गोंधळून गेले. पांडवांची गोष्ट सुरू होईपर्यंत नाग, गरुड, शाप, यज्ञ आणि नावेही लक्षात राहू नयेत असे ऋषी यांतूनच वाट काढावी लागली. सभापर्वात दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असे म्हणते, ते वाक्य मी दोनदा शोधले. ते तेथे नाही. पुढे ग्रंथालयातून भांडारकर संस्थेच्या आवृत्तीवर आधारलेले पुस्तक आणले, तर त्यात व्यासांचा लेखनिक झालेला गणपतीही नाही आणि वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाला घातलेली हाकही नाही. हे वाचून मला वाईट वाटले. मी आजवर ऐकले ते खोटे होते काय? खरे महाभारत कोणते मानावे? आणि पुढची सोळा पर्वे वाचताना कोणती दृष्टी ठेवावी? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला, कारण आपला गोंधळ हा सावधपणे वाचणाऱ्या माणसाचा गोंधळ आहे. नसलेले वाक्य दोनदा शोधणारा वाचक ग्रंथाला दुर्मीळच लाभतो. आपण विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर आपल्याला कंटाळवाण्या वाटलेल्या त्या सापांच्या अध्यायांतच आहे.

आदिपर्वाचा तिसरा अध्याय पुन्हा उघडून पाहावा. अर्जुनाचा पणतू जनमेजय कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र, म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ, करीत बसला आहे. तेथे एक कुत्र्याचे पिल्लू येते आणि जनमेजयाचे तीन भाऊ त्याला मारून हाकलतात. ते रडत रडत आपल्या आईकडे, देवांची कुत्री सरमा हिच्याकडे जाते. तिला वाटते की याने काही आगळीक केली असेल. पिल्लू सांगते की मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही आणि ते चाटलेही नाही. सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते, आणि कोणी उत्तर देत नाही असे पाहून म्हणते : ‘यस्मादयमभिहतोऽनपकारी तस्माददृष्टं त्वां भयमागमिष्यति’, ज्याने काही अपराध केला नाही त्याला मारलेत, म्हणून न दिसणारे भय तुमच्यावर येईल. लाखभर श्लोकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथातील हा अगदी आरंभीचा प्रसंग आहे. राजसभेत विचारलेला रास्त प्रश्न, आणि सभेचे मौन. आपण सभापर्व वाचले आहे, त्यामुळे हे मौन पुढे कोठे भेटते ते आपल्याला सांगायला नको.

त्यानंतर रुरूची कथा येते. त्याच्या वाग्दत्त वधूला, प्रमद्वरेला, साप चावतो. आपले अर्धे आयुष्य देऊन तो तिला जिवंत करतो. पण राग जात नाही, म्हणून दिसेल तो साप काठीने मारीत सुटतो. एके दिवशी त्याच्या काठीखाली डुंडुभ येतो, म्हणजे आपल्याकडील दिवडासारखा बिनविषारी साप. तो म्हणतो की माणसांना चावणारे साप वेगळे. केवळ सापाचा वास येतो म्हणून आम्हाला मारणे तुला शोभत नाही. ‘अहिंसा परमो धर्मः’ हे वचन आज भिंतीभिंतींवर रंगवलेले दिसते. महाभारतात ते पहिल्यांदा येते ते या सापाच्या तोंडून, उगारलेल्या काठीखालून.

मग परीक्षिताची कथा. शिकारीत दमलेला, तहानभुकेने कासावीस झालेला राजा मौनव्रती शमीक ऋषीला हरणाबद्दल विचारतो, उत्तर मिळत नाही म्हणून चिडून धनुष्याच्या टोकाने एक मेलेला साप त्याच्या गळ्यात अडकवतो आणि निघून जातो. ऋषीचा मुलगा शृंगी शाप देतो, तक्षक येऊन राजाला दंश करतो, आणि राजाचा मुलगा जनमेजय पुढे सगळ्या सर्पकुळाला अग्नीत टाकण्यासाठी सत्र मांडतो. त्याला हे सुचवणाऱ्या उत्तंकाचे तक्षकाशी स्वतःचे वैर आहे, कारण तक्षकाने त्याच्याकडील कुंडले पळवली होती. तक्षकाचे वैर त्याहून जुने आहे. कृष्णार्जुनांनी खांडववन जाळले, त्या दिवशी त्याची पत्नी अर्जुनाच्या बाणाने मारली गेली; ती हकीकत आपण आदिपर्वाच्या अखेरीस वाचली आहे. सूडाचा हा दोर कोठून सुरू झाला ते शोधत मागे जावे, तर प्रत्येक गाठीशी कोणीतरी ‘माझ्यावर आधी अन्याय झाला’ असे म्हणत उभा आहे, आणि प्रत्येकाचे म्हणणे काही अंशी खरे आहे.

आता मुख्य गोष्ट. व्यासांचे शिष्य वैशंपायन जनमेजयाला महाभारत सांगतात ते याच सर्पसत्रात, विधींच्या मधल्या वेळांत. म्हणजे कौरवपांडवांची सगळी कथा ऐकणारा माणूस सूड घेत बसलेला आहे आणि त्याच्या डोळ्यांसमोर अग्निकुंड पेटलेले आहे. त्याला त्याच्याच पणजोबांची कथा सांगितली जाते आहे : एका कुळाने सूडाचा हिशेब पुरता चुकवायचा ठरवला, आणि अठरा दिवसांच्या शेवटी दोन्ही बाजूंना मिळून बोटांवर मोजण्याइतकी माणसे उरली. आस्तिक नावाचा एक तरुण मुलगा (त्याची आई नागकन्या आणि बाप ऋषी, म्हणजे तो दोन्ही पक्षांचा) येऊन ते सत्र थांबवतो. तक्षक त्या वेळी अग्नीच्या वर अधांतरी लटकलेला असतो. घरात साप निघाला की ‘आस्तिक, आस्तिक’ म्हणणारी जुनी माणसे आपण पाहिली असतील. माझी आजीही म्हणत असे. ती साक्षर नव्हती, पण सर्पसत्र थांबवणाऱ्याचे नाव तिला पक्के ठाऊक होते.

म्हणून माझी आपल्याला एकच विनंती आहे : पुढे वाचताना कथा कोणती आहे इतकेच पाहू नये, ती कोण कोणाला कोणत्या घडीला सांगतो आहे तेही पाहावे. आपण आता वनपर्वात शिराल आणि तेथे नळदमयंतीचे लांबलचक आख्यान येईल. सुटे वाचले तर ती एक रम्य प्रेमकथा आहे. पण ती सांगणारा बृहदश्व हा ऋषी, आणि ऐकणारा नुकताच द्यूतात राज्य, भाऊ व बायको हरलेला युधिष्ठिर. माझ्याइतका दुर्दैवी राजा कोणी झाला आहे काय, असे तो विचारतो तेव्हा ही फाशांनी बुडालेल्या दुसऱ्या राजाची कथा निघते, आणि ती संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिराला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकवतो. जयद्रथाने द्रौपदीला पळवून नेले आणि पांडवांनी सोडवून आणले, त्यानंतर मार्कंडेय रामसीतेची कथा सांगतात. हे पाहत गेले की ज्यांना आपण फाटे समजतो ती उपाख्याने कोणाच्या तरी जखमेवर ठेवलेल्या औषधासारखी दिसू लागतात. सगळीच तशी आहेत असा माझा दावा नाही. काही ठिकाणी ग्रंथ खरोखरच पसरट होतो आणि तेथे वाचक थकला तर दोष त्याचा नव्हे.

भगवद्गीतेबाबत तर हे ध्यानात ठेवणे फारच मोलाचे आहे. ‘धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे’ हा धृतराष्ट्राचा प्रश्न युद्धाच्या पहिल्या सकाळचा आहे असे आपण गृहीत धरतो. भीष्मपर्वात क्रम निराळा आहे. संजय रणभूमीवरून धावत येतो आणि प्रथम सांगतो ते हे की भीष्म पडले, म्हणजे दहा दिवसांचे युद्ध होऊन गेले आहे. त्यानंतर धृतराष्ट्र सगळे पहिल्यापासून विचारू लागतो आणि त्या ओघात गीता येते. ज्ञानेश्वरीमुळे मराठी माणसाला गीता घरची वाटते. पण ती ऐकणारा पहिला श्रोता अर्जुन, आणि दुसरा श्रोता, ज्याचे घर त्याच क्षणी कोसळते आहे असा हा म्हातारा बाप, हे पर्वाच्या जागी वाचल्याशिवाय अंगावर येत नाही.

आता खऱ्याखोट्याचा प्रश्न. आपल्या कपाटातील जुन्या भाषांतरात गणपतीची कथा आहे, याचे कारण तशी बहुतेक भाषांतरे नीलकंठ चतुर्धरांनी स्वीकारलेल्या पाठाच्या परंपरेतील आहेत. सतराव्या शतकातील हे टीकाकार मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे. काशीत राहून त्यांनी ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली आणि उपलब्ध प्रती पाहून, जे चांगले वाटले ते शक्यतो सोडायचे नाही अशा वृत्तीने पाठ ठरवला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेल्या कामाचा हेतू वेगळा होता. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतची बाराशेहून अधिक हस्तलिखिते मिळवून, एकेका श्लोकाचे पाठ शेजारीशेजारी मांडून, उपलब्ध पुराव्यावरून जास्तीत जास्त मागे जाता येईल तेवढा जुना पाठ ठरवणे हा तो हेतू. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून ही धुरा वाहिली. १९४३ साली ते गेले, आणि श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादकत्वाखाली काम १९६६ साली पूर्ण झाले. जवळपास अर्धशतक एका ग्रंथाच्या पाठभेदांत घालवणारी ही माणसे मला या ग्रंथातील पात्रांइतकीच आदरणीय वाटतात.

या आवृत्तीत गणपतीची कथा मुख्य पाठात नाही. परंतु ती फेकूनही दिलेली नाही. काही प्रतींत आढळणारा मजकूर तळटीपांत, आणि मोठा असेल तर परिशिष्टात, कोणत्या प्रतींत आहे त्या नोंदीसह छापलेला आहे. म्हणून ‘खोटे’ हा शब्द येथे लागू पडत नाही. एखादी कथा नंतर आली, एवढाच याचा अर्थ. आजीने ऐकवलेल्या पांडवप्रतापात श्रीधरांनी आपल्या श्रोत्यांसाठी जे घातले, तेच काम पूर्वी पोथ्या लिहिणाऱ्यांनी व पुराणिकांनी केले होते.

काही गोष्टी मात्र कोणत्याच पाठात नाहीत, आणि तेथे आपण ठाम राहावे. ‘आंधळ्याचा मुलगा’ हे वाक्य त्यांतलेच. सभापर्वात दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि सेवक हसतात. द्रौपदी हसली हे दुर्योधन नंतर बापापुढे गाऱ्हाणे मांडताना सांगतो. एका बाईच्या बोलण्यामुळे युद्ध झाले, हे समीकरण आपण ज्या सहजतेने स्वीकारले, त्याचा मला मनापासून राग येतो. व्यासांनी तो दोष तिच्या माथी मारलेला नाही. अभिमन्यूने गर्भात असताना चक्रव्यूह ऐकला, ही कथाही द्रोणपर्वातील नव्हे. तेथे तो सरळ सांगतो की वडिलांनी मला व्यूह फोडून शिरण्याचा उपदेश केला आहे, संकट आले तर बाहेर पडणे मला जमणार नाही.

वस्त्रहरणाबद्दल आपल्याला वाईट वाटले, ते मी समजू शकते. भांडारकर संस्थेसाठी सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकी संस्कृतज्ञाने केले. त्यांनी ठरवलेल्या पाठात दुःशासन वस्त्र ओढू लागतो आणि तसेच दुसरे वस्त्र पुन्हा पुन्हा प्रकट होते, एवढेच आहे; ते कोणी पुरवले याचा उल्लेख नाही. पण आपण उद्योगपर्वापर्यंत थांबावे. तेथे कृष्णाचा एक उद्गार आहे आणि तो या आवृत्तीतही कायम आहे : मी दूर असताना कृष्णेने, म्हणजे द्रौपदीने, ‘गोविंद’ म्हणून टाहो फोडला, ते वाढत गेलेले ऋण माझ्या हृदयातून जात नाही. म्हणजे हाक त्या अध्यायात नाही, पण ती ऐकणाऱ्याच्या मनात आहे. पुराणिकांनी सभेतील ती जागा कशासाठी भरून काढली असेल, हे या एका श्लोकावरून उमगते.

आणि हाक बाजूला ठेवली की त्या सभेत दुसरे काहीतरी अधिक स्पष्ट ऐकू येते, ते म्हणजे द्रौपदीचा प्रश्न. बोलावायला आलेल्या प्रातिकामीला ती परत पाठवते : त्या जुगाऱ्याला भर सभेत विचारून ये, आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? एकवस्त्रा, रजस्वला अशा अवस्थेत केसांना धरून ओढत आणल्यावरही ती तोच प्रश्न विचारते. धर्म सूक्ष्म असल्यामुळे तुझ्या प्रश्नाचा नीट निवाडा मला करता येत नाही, असे भीष्म म्हणतात. कौरवांपैकी विकर्ण एकटा उभा राहून ती जिंकली गेलेली नाही असे स्पष्ट बोलतो, आणि विदुर सभेला बजावतो की प्रश्नाचे उत्तर न देणाऱ्या सभासदाला अधर्माचा वाटा भोगावा लागतो. निवाडा अखेरपर्यंत होत नाही. धृतराष्ट्राच्या अग्निशाळेत कोल्हे ओरडतात, गाढवे त्यांना साद देतात, तेव्हा भ्यालेला राजा वर देऊ करतो. पहिल्या वराने ती युधिष्ठिराला सोडवते, आपल्या मुलाला कोणी दासपुत्र म्हणू नये म्हणून. दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, रथ व शस्त्रांसह. तिसरा वर ती नाकारते. स्वतःची सुटका ती मागतच नाही, आणि मला वाटते की ती जिंकली गेलीच नव्हती हे तिने अशा रीतीने मान्य करायला लावले.

प्रश्न : घरात संपूर्ण महाभारत ठेवल्यास भांडणे होतात, असे शेजारच्या वयस्कर बाई सांगतात. त्यांचे मन न दुखवता काय उत्तर द्यावे? (त्याच वाचक)

उत्तर : ही समजूत फार जुनी आहे, आणि ‘त्यांच्या घरी रोज महाभारत चाललेले असते’ या आपल्या बोलण्यातून ती टिकली आहे. त्यांना ग्रंथाचेच वचन वाचून दाखवावे. प्रचलित प्रतींच्या शेवटी असलेल्या फलश्रुतीत म्हटले आहे : ‘भारतं भवने यस्य तस्य हस्तगतो जयः’, ज्याच्या घरात भारत आहे त्याच्या हातात जय आहे. आणि शक्य असल्यास एखाद्या दुपारी त्यांना बसवून सावित्रीचे आख्यान वाचून दाखवावे. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना ज्या सावित्रीचे नाव त्या घेतात, ती वनपर्वातच आहे.

प्रश्न : वयाच्या मानाने सगळे वाचून होईल की नाही, अशी शंका वाटते. काही पर्वे गाळली तर चालेल काय? (त्याच वाचक)

उत्तर : जरूर चालेल. शांतिपर्व सर्वांत मोठे आहे, आणि ते व अनुशासनपर्व मिळून शरशय्येवरील भीष्मांचा उपदेशच मुख्यतः आहे. ही दोन्ही सध्या बाजूला ठेवली तरी कथेचा धागा तुटणार नाही. युद्धाच्या पर्वांत रथ, बाण आणि ध्वज यांची वर्णने पुन्हा पुन्हा येतात, तेथे भरभर पुढे गेले तरी हरकत नाही. उद्योगपर्व मात्र सावकाश वाचावे. युद्ध टाळण्याचे इतके प्रयत्न आणि प्रत्येक प्रयत्नाचे इतके खरे वाटणारे अपयश मी दुसरीकडे कोठे वाचलेले नाही. स्त्रीपर्व लहान आहे, ते एका बैठकीत वाचावे, पण रात्री वाचू नये. रणभूमीवर गांधारी एकेका प्रेताजवळ थांबते आणि कोणाची बायको काय करते आहे ते कृष्णाला दाखवीत जाते. ती आपल्या मुलांपाशीच थांबत नाही, अभिमन्यूपाशीही थांबते.

अखेरची दोन पर्वे, महाप्रस्थानिक व स्वर्गारोहण, थोडक्या पानांची आहेत. ती कितीही घाई असली तरी गाळू नयेत. हस्तिनापुरातून निघालेल्या पाच भाऊ आणि द्रौपदी यांच्या मागे एक कुत्रा चालू लागतो. एकेक जण वाटेत पडतो आणि युधिष्ठिर व तो कुत्रा एवढेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो, कुत्र्याला सोडून वर चढ म्हणतो, आणि युधिष्ठिर नकार देतो. आपण त्या पानावर पोहोचाल तेव्हा आदिपर्वाचा खंड पुन्हा जवळ घ्यावा आणि सरमेच्या पिल्लाची ती पहिली पंधरा-वीस वाक्ये लगेच त्याच बैठकीत वाचावीत. काय वाटले ते मला अवश्य कळवावे.